झिजलेले प्राचीन नाणे कसे ओळखावे: राजाचे नाव सर्वांत शेवटी

आजोबांच्या पितळी डब्यात जुन्या किल्ल्या आणि सुटी बटणे यांच्याखाली दोन नाणी सापडली. एक करंगळीच्या नखाहून थोडे मोठे, चांदीचे, जवळजवळ गुळगुळीत झालेले; दुसरे राखाडी आणि आकाराच्या मानाने बरेच जड. दोन्ही हातात घेतल्यावर मला एकच प्रश्न पडला: राजा कोण? त्या प्रश्नामागे लागून मी जवळपास वर्ष वाया घालवले आणि एक नाणे कायमचे बिघडवले. झिजलेल्या नाण्यावर राजाचे नाव हा बहुधा सर्वांत आधी पुसला जाणारा भाग असतो, कारण लेख कडेने असतो आणि झीज कडेपासून सुरू होते. धातू, वजन, घडण आणि मधले मोठे चिन्ह मात्र बराच काळ टिकते. म्हणून ओळख पटवण्याचा क्रम नेमका उलटा ठेवावा लागतो. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रात सापडणाऱ्या सातवाहन, क्षत्रप (पश्चिम भारतातले शक राजे) आणि त्यांच्या आगेमागे होऊन गेलेल्या राजवटींच्या नाण्यांपुरते आहे.

सुरुवातीपूर्वी: कायदा आणि कागद

नाणे घरात पिढ्यान्‌पिढ्या असेल तर प्रश्न सोपा आहे. ते शेतात, पायाच्या खोदाईत किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीत सापडले असेल तर मात्र १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, सापडण्याची जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे हे सापडवणाऱ्याचे कर्तव्य आहे. ही दहा रुपयांची मर्यादा एकोणिसाव्या शतकातली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे व्यवहारात प्रत्येक नाणे ती ओलांडते हे कळेल. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशातल्या एखाद्या जाणकार नातेवाइकाला दाखवायचे असेल तर छायाचित्रे पाठवावीत, नाणे नव्हे.

पुढील कागद एका पाकिटात एकत्र ठेवावेत: विकत घेतले असल्यास पावती, घरातले असल्यास ते कोणाकडून कोणाकडे आले याची ज्येष्ठांना विचारून केलेली तारखेसह नोंद, आणि सापडण्याचे किंवा मिळण्याचे ठिकाण. ठिकाण हा निम्मा पुरावा आहे. कोल्हापूरच्या बाजूला मिळालेले शिशाचे नाणे आणि विदर्भात मिळालेले पोटिनचे, म्हणजे तांब्यात कथील व शिसे मिसळलेल्या धातूचे, नाणे यांची ओळख वेगवेगळ्या वाटांनी शोधावी लागते.

लागणारे साहित्य

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल तराजू, व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोबाइल आणि एक वेगळी टॉर्च, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, मऊ ब्रश, शिवणाचा बारीक दोरा, लोहचुंबक, पेन्सिल आणि कोरा कागद. यांत महागडे काही नाही. महाग पडते ती घाई.

१. नाणे घासू नका

राखाडी नाणे मी चिंचेच्या कोळात ठेवले होते. घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळतात, मग नाणे का उजळू नये, असा तो साधा विचार होता. नाणे शिशाचे निघाले. शिशावर आम्लाचा परिणाम होतो, आणि ज्या उंचवट्यांवर चिन्ह तग धरून होते तेच आधी विरघळले. आता त्यावर हत्ती होता की सिंह, हे सांगता येत नाही.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, तारेचा ब्रश, सोनाराकडचे आम्ल यांतले काहीही वापरू नये. तांब्याच्या झिजलेल्या नाण्यावर पुष्कळदा धातूवरची आकृती संपलेली असते आणि चिन्हाची कड फक्त हिरव्या-तपकिरी थरात शिल्लक असते. थर निघाला की नाणे खरोखर कोरे होते. माती सुटी करण्यासाठी ऊर्ध्वपातित पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशने हलकेच झटकणे आणि लगेच पूर्ण कोरडे करणे, एवढेच नवशिक्याने करावे. तांब्याच्या नाण्यावर फिक्या हिरव्या रंगाची, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर ती क्षारांमुळे चालू असलेली खरी कीड आहे. असे नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवून संग्रहालयाच्या रसायनतज्ज्ञाला दाखवावे. शिशाची नाणी लाकडी कपाटात ठेवू नयेत, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफेने ती पांढरी पडून भुगा होतात. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत, हे ओघाने आलेच.

२. वजन, माप आणि धातू

वजन तीनदा घ्यावे, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास मोजावा, जाडी लिहावी. त्यानंतर घनता काढावी. धातू ओळखण्याची ही नाण्याला इजा न करणारी रीत आहे आणि ती घरी जमते. तराजूवर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा. नाणे दोऱ्याला बांधून, पेल्याच्या तळाला वा कडेला न लागू देता पूर्ण बुडवावे. तराजू जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असतो. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. शिसे ११.३, चांदी १०.५ आणि तांबे ८.९ च्या आसपास येते.

माझे चांदीचे नाणे २.०८ ग्रॅम भरले आणि पाण्यातला आकडा ०.२० आला, म्हणजे घनता १०.४. येथे एक सापळा आहे: इतक्या लहान नाण्यात पाण्यातला आकडा ०.०१ ने चुकला तरी उत्तर ९.९ ते १०.९ असे हलते. त्यामुळे दहा वेळा मोजून सरासरी घ्यावी आणि खड्ड्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे ब्रशने काढावेत. राखाडी नाण्याने मात्र पहिल्याच मोजणीत ११ च्या पुढे आकडा दाखवला. हे मी चिंचेच्या आधी केले असते तर ही कहाणी लिहावी लागली नसती.

लोहचुंबकाला नाणे चिकटले तर पुढे जाण्याची गरज नाही. आपल्याकडची या काळातली नाणी लोखंडाची नाहीत.

३. जुने म्हणजे प्राचीन नव्हे

महाराष्ट्रातल्या घरांत मिळणारे तांब्याचे जाड, काळपट, गोल नाणे बहुतेक वेळा शिवराई असते. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ आणि कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. शिवराई मराठेशाहीत दीर्घकाळ पाडली गेली आणि पेशवाई संपल्यावरही चलनात राहिली, म्हणून ती इतकी सापडते. झिजलेल्या शिवराईवर दोन-तीन अक्षरांचे तुकडे उरतात आणि नवखा माणूस त्यांना प्राचीन ब्राह्मी लिपी समजतो. अक्षरांच्या डोक्यावर आडवी शिरोरेषा दिसली तर ती ब्राह्मी नव्हे, हा साधा निकष बरेच गोंधळ मिटवतो. लांबलचक आडव्या, वळणदार रेघा आणि त्यांच्या वर-खाली टिंबे दिसली तर बहमनी किंवा नंतरच्या सुलतानांचे नाणे असण्याची शक्यता तपासावी.

चांदीचे किंवा हिणकस चांदीचे, जाडसर, ज्यावर केवळ टिंबे आणि रेघा आहेत असे नाणे मिळाले तर ते गधैया असू शकते. इराणच्या सासानी नाण्यांवरचा राजाचा चेहरा आणि अग्निवेदी यांची नक्कल शेकडो वर्षे होत गेली आणि शेवटी चेहऱ्याचे नाक म्हणजे एक रेघ व वेदी म्हणजे रेघांचा खांब उरला. ते झिजलेले दिसते, पण पुष्कळदा तसेच पाडलेले असते.

४. तिरपा उजेड आणि कागदावरचे चित्र

खोली अंधारी करावी. नाणे सपाट ठेवून टॉर्च जवळजवळ जमिनीलगत धरावी आणि मोबाइल वरून, हात न हलवता, सरळ रोखावा. टॉर्च आठ दिशांनी फिरवून प्रत्येक दिशेचे छायाचित्र घ्यावे. समोरून पडणाऱ्या उजेडात कोरे वाटणारे नाणे एखाद्या ठरावीक कोनात अचानक बोलू लागते. माझ्या नाण्यावरचे टेकडीचे चिन्ह आठपैकी एकाच छायाचित्रात होते. छायाचित्र कृष्णधवल करून पाहिल्यास डागांचा रंग त्रास देत नाही.

दोन सावधगिरी. पहिली म्हणजे उजेड खालून आला की डोळा फसतो आणि खळगा उंचवटा वाटू लागतो, म्हणून प्रत्येक छायाचित्रावर उजेडाच्या दिशेचा बाण काढावा आणि तुलना करताना उजेड वरच्या डाव्या बाजूने आलेली छायाचित्रेच वापरावीत. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. कोणतेही पुस्तक किंवा संकेतस्थळ उघडण्याआधी जे दिसते ते पेन्सिलीने कागदावर काढावे. एकदा छापील चित्र पाहिले की आपल्या नाण्यावरही तेच दिसू लागते. हा अनुभव मला इतक्यांदा आला आहे की आता मी तारीख टाकलेल्या चित्राशिवाय स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. चित्रात खात्रीची रेघ ठळक, शंकेची रेघ तुटक असावी, आणि जागा घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे लिहाव्यात: ‘दहाच्या जागी अर्धगोल’, ‘सहाच्या खाली नागमोडी रेघ’.

५. आधी चिन्ह

नाणे वेडेवाकडे कापलेले चौकोनी, चांदीचे, साधारण सव्वातीन ग्रॅमचे असेल आणि त्यावर एकमेकांवर चढलेले सुटे ठसे असतील तर ते आहत नाणे. त्यावर राजाचे नाव नसतेच, म्हणून ते शोधू नये. एका बाजूला पाच ठसे असतात. त्यांतला सूर्य आणि सहा आऱ्यांचे चक्र बहुधा ओळखू येतात, आणि उरलेल्या तिघांवरून उपप्रकार ठरतो.

शिसे, तांबे किंवा पोटिन असेल तर प्रथम उज्जयिनी चिन्ह शोधावे: एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेघा आणि त्यांच्या चार टोकांना चार वर्तुळे. झिजलेल्या नाण्यावर चारपैकी दोन वर्तुळे उरली तरी त्यांच्यातील अंतर आणि मधली फुली यांवरून ते ताडता येते. दुसऱ्या बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, सिंह, कमानींची टेकडी (एकमेकींवर रचलेल्या कमानी) किंवा कठड्यातले झाड असेल तर सातवाहनांकडे जाण्याचा रस्ता मोकळा होतो. मात्र उज्जयिनी चिन्ह एकट्या सातवाहनांचे नाही; नावाप्रमाणेच ते माळव्यातल्या नाण्यांवरही आहे. कोल्हापूरकडच्या शिशाच्या नाण्यावर धनुष्यबाण दिसला तर विळिवायकुर, सिवलकुर अशी नावे असलेल्या कुर घराण्याची नाणी आधी तपासावीत.

चांदीचे, दोन ग्रॅमच्या आसपासचे, दीड सेंटिमीटरच्या आतबाहेरचे आणि एका बाजूला राजाचे मस्तक असलेले नाणे ही सर्वांत फसवी जात आहे, कारण हा साचा अनेक घराण्यांनी कित्येक शतके उचलला. निकाल मागची बाजू देते. बाण आणि वज्र असेल तर क्षहरात घराण्यातला क्षत्रप नहपान. तीन कमानींची टेकडी, वर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ असेल तर चष्टनाच्या घराण्यातले क्षत्रप, किंवा तीच टेकडी पुढे चालवणारे त्रैकूटक घराणे. बसलेला नंदी असेल तर कलचुरी घराण्यातला कृष्णराज. टेकडीसोबत मागे उज्जयिनी चिन्ह असेल तर सातवाहन.

एका नाण्यावर दोन घराणी दिसली तर गोंधळू नये. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली टेकडी आणि उज्जयिनी चिन्ह पुन्हा ठोकले होते. अशा नाण्यावर टेकडीच्या खालून नाक आणि ओठ डोकावतात. नवखा माणूस त्याला नाणे बिघडलेले समजतो, खरे तर ती सर्वांत बोलकी नाणी आहेत.

६. मग अक्षरे

पूर्ण लेख वाचायचा प्रयत्न करू नये. ठरावीक शब्दांचा सांगाडा माहीत असला की दोन अक्षरेही पुरतात. सातवाहन लेख प्राकृतात असतो, उदाहरणार्थ ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’, म्हणजे ‘राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णीचे’. ब्राह्मी ‘क’ ही फुली आहे, त्यामुळे ती झिजेला चांगली पुरते. तिच्यानंतर ‘ण’ आणि ‘स’ यांचे अवशेष असतील तर ‘सातकणिस’ संभवते. ‘म’ आणि ‘व’ या दोन्ही अक्षरांना खाली पोट असते. ती जवळजवळ आली तर ‘पुलुमाविस’ (पुळुमावीचे) तपासावे. पण ‘सातकणि’ वाचले म्हणजे राजा सापडला असे होत नाही, कारण त्या नावाचे अनेक राजे झाले. आईच्या नावावरून आलेले गोतमिपुत किंवा वासिठिपुत हे विशेषणही एकाहून अधिक राजांनी लावले आहे.

येथे तऱ्हाळा गावचा नाण्यांचा साठा आठवावा. विदर्भातल्या या गावी १९३९ मध्ये सुमारे सोळाशे पोटिन नाणी मिळाली आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांच्यासारखी नावे त्यांतून पुढे आली. या नाण्यांचा ठसा तबकडीपेक्षा, म्हणजे नाण्याच्या कोऱ्या चकतीपेक्षा, मोठा असे, म्हणून एका नाण्यावर लेखाचा एखादाच तुकडा उमटे; एकाचा डावा तुकडा आणि दुसऱ्याचा उजवा तुकडा जुळवावा लागे. आपल्या नाण्यावर नसलेली अक्षरे झिजून गेली असतील असे नाही. ती कधी उमटलीच नसतील.

७. क्षत्रप नाण्यातला बाप-लेकाचा घोळ

क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर दोन गोष्टी इतर कोणी दिल्या नाहीत इतक्या उदारपणे दिल्या आहेत: पित्याचे नाव आणि, दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून, राजाच्या मस्तकामागे शक वर्ष. वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो. ब्राह्मी अंक आपल्या स्थानमूल्याच्या पद्धतीने लिहीत नाहीत. शंभरासाठी, प्रत्येक दशकासाठी आणि एककासाठी वेगळी चिन्हे असतात. एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा. ‘१०० आणि दोन रेघा’ असे दिसले तर ते १०२ असेलच असे नाही; मधले दशकाचे चिन्ह झिजलेले असू शकते.

लेखाचा सांगाडा असा: ‘राज्ञो महाक्षत्रपस दामसेनस पुत्रस राज्ञो महाक्षत्रपस विजयसेनस’. पहिले नाव पित्याचे, दुसरे राजाचे. जे नाव वाचता आले तेच राजाचे, असे धरून चालणे ही सर्वांत मोठी चूक, आणि मी ती केली. सहा महिने मी माझे नाणे दामसेनाचे म्हणून मिरवले. नंतर एका अभ्यासकाने ‘दामसे’ या अक्षरांच्या पुढे ‘पुत्र’ दाखवले. तसेच ‘महाक्षत्रप’ ही पदवी कोणत्या नावाआधी आहे हेही पाहावे लागते, कारण लहान पदावरचा मुलगा नुसता ‘क्षत्रप’ असताना बाप महाक्षत्रप असू शकतो. मस्तकाभोवतीची ग्रीक अक्षरे वाचण्यात वेळ घालवू नये. नहपानानंतर ती लवकरच केवळ सजावट झाली.

८. झिजलेले की झिजवलेले

बनावट नाणी अनेकदा मुद्दाम झिजवलेली असतात, कारण झीज दोष लपवते. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे गोल खळगे असतात आणि कडेने साच्याची शिवण किंवा ती घासल्याची खूण असते. खरी झीज उंच भागांवर अधिक आणि खोल भागांत कमी असते. सगळीकडे सारखीच मऊ, साबणासारखी दिसणारी आकृती संशयास्पद समजावी. एकाच विक्रेत्याकडच्या दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी असेल तर दोन्ही सोडून द्यावीत. मात्र प्राचीन नाण्यांतही काही ओतीव आहेत, म्हणून शिवण दिसली की लगेच खोटे ठरवण्याआधी तो प्रकार मुळात ठोकून पाडला जात होता का, हे पाहावे.

९. कोणाला दाखवावे आणि नोंद कशी करावी

नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे. चांगल्या स्थितीतली नाणी प्रत्यक्ष पाहिल्याने डोळा जितका तयार होतो तितका छायाचित्रांनी होत नाही. संगणकावर ‘झेनो’ या पौर्वात्य नाण्यांच्या खुल्या संग्रहात झिजलेली उदाहरणेही आहेत, हा त्याचा विशेष. तज्ज्ञाला विचारताना ‘हे काय आहे?’ एवढेच न विचारता वजन, व्यास, घनता, ठिकाण, दोन्ही बाजूंची आठ-आठ छायाचित्रे आणि आपले पेन्सिलीचे चित्र द्यावे. ‘किंमत काय?’ हा प्रश्न त्याच पत्रात विचारू नये. बहुतेक जाणकार तेथेच वाचणे थांबवतात.

नोंदीत खात्रीचे, संभाव्य आणि न दिसणारे असे तीन भाग वेगळे ठेवावेत. आजोबांच्या चांदीच्या नाण्याची माझ्या वहीतली नोंद आज अशी आहे:

‘चांदी, २.०८ ग्रॅम, १५ मिलिमीटर. दर्शनी बाजू: उजवीकडे पाहणारे मस्तक, मागे १०० चे चिन्ह, पुढचे अंक गेलेले. मागील बाजू: तीन कमानींची टेकडी, खाली नागमोडी रेघ, लेखात …दामसे… पुत्रस राज्ञो म…. खात्रीचे: पश्चिमी क्षत्रप, दामसेनाचा मुलगा, महाक्षत्रप पदावर. वीरदामन नव्हे, कारण तो क्षत्रप पदाच्या पुढे गेला नाही. संभाव्य: यशोदामन, विजयसेन किंवा तिसरा दामजदश्री, इ. स. २३९ ते २५५ च्या सुमारास. राजाचे नाव: दिसत नाही.’